फॅट सहा पॉइंट चार

पहाटे साडेपाचला शटर वर करते,
मशीन सोड्यानं धुते, पहिला नमुना ओतून देते.
मग ओळ लागते.
जोतिबाचा डोंगर अजून अंधारात
आणि निम्मं वडणगे
तोंड न धुता, किटल्या घेऊन माझ्या खिडकीशी.

पळीभर दूध नळीला लावलं
की चाळीस सेकंद लागतात.
या चाळीस सेकंदांत माणूस काय करतो
ते अकरा वर्षं बघतेय.
ज्याचं दूध चोख तो जांभई देतो,
उसाचं बिल जमा झालं का विचारतो.
ज्यानं हापशाखाली किटली धरलीय
तो आकडा यायच्या आधीच म्हणतो,
"म्हशीनं रातच्याला पाणी लई पिलं बघा."

पाणी हा शब्द तोच काढतो.
मी कधीच काढत नाही.
"आज जरा पातळ लागलंय," म्हणते,
पाहुण्याला आमटीबद्दल म्हणावं तसं.
"वैरण बदललीया."
"असंल."
एवढ्यात दोन खोटी झाली,
एक त्याचं, एक माझं.
रावसो पोवार तर शपथ घेतात, डोंगराकडं हात करून.
डोंगर ढगात असला तरी त्यांची दिशा चुकत नाही.

नुसतं पाणी लावलं तर मशीन सरळ शून्य दाखवतं.
नुसतं पाणी घेऊन मात्र
आजवर कुणी आलेलं नाही.

हौसाबाईचं दूध चोख.
सभासद नंबर एकशे सतरा,
फॅट सहा पॉइंट चार, डिग्री एकोणतीस.
आषाढात अकरा दिवस हाच आकडा.
आणि तिच्या मागं उभ्या तातोबा खाड्यांचाही हाच,
पॉइंटसुद्धा हलला नाही.
दोन म्हशी अशा जुळत नसतात.
तिच्या भिंतीवर महिनाभर नवी शेणी नाही,
हे मी जाता-येता बघितलं होतं
आणि बघितलं नव्हतं.
तातोबा का देतात, ते मशीनवर उमटत नाही.
मी पावती फाडत राहिले.

मग एका संध्याकाळी, किटली उचलता उचलता,
"म्हस बरी हाय हं माझी," म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.
"पोराचा फोन आलता चाकणास्नं. त्येलाबी सांगितलं,
तू घेऊन दिल्याली हाय, हुबी हाय अजून गोठ्यात."
"बरं," म्हणाले मी.
तिनं माझ्याकडं बघितलं,
मला किती कळलंय ते मोजलं.
तिला चाळीस सेकंद लागत नाहीत.
"येतो गं मी," म्हणून निघाली,
रिकामी किटली हिंदकळू न देता.

माझं म्हणाल तर
माझा पगार घरात सातशेनं कमी आहे.
आठ वर्षांपूर्वी दाढेसाठी बाजूला काढले होते.
दाढ आपोआप थांबली,
सातशे थांबले नाहीत.
शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली.
कशासाठी, ते आता मलाही सांगता येणार नाही.
काहीतरी असावं, ज्याची पावती फाटत नाही.

परवा भाकरी थापताना, पाठमोरी, मीच म्हणाले,
"संस्थेनं यंदाबी पगार वाढवला न्हाई."
कुणी विचारलं नव्हतं.
मागं टीव्हीचा आवाज जरा कमी झाला.
"बरं," म्हणाले ते.

हात पिठात तसाच राहिला.
मी मोजायला लागले.
चाळिसापर्यंत पोचले तेव्हा
तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली होती.
त्यांनी तीच मागून घेतली,
मोडली, आमटीत बुडवली,
माझ्याकडं न बघता म्हणाले,
"झ्याक झालीया."